नुसतं उभं राहायला गंगाखेडला

परभणीला कुणी हिंडायला जात नाही. नाशकात आमच्या सोसायटीतल्या बायका केरळला जातात, अंदमानला जातात. गेल्या वर्षी एकजण दुबईला उंटावर बसून आली, ती अजून कंबर धरून जिना चढते. मी परभणीला निघालेय म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी आवाज खाली आणून एकच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. एक गुडघा आणायला चाललेय," मी म्हटलं आणि त्यांना तसंच सोडून बॅग भरायला गेले. या वयात एवढी करमणूक तरी हवीच.

गुडघा माझ्या नातीचा. शाल्मली तिचं नाव. परभणीत शेतकीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या मुलींच्या संघात बास्केटबॉल खेळते. खेळते असं आम्ही सवयीनं म्हणतो. पहिल्या वर्षी खेळली. दुसऱ्या वर्षी एका सामन्यात उडी मारून खाली आली. जवळ कुणी नाही, कुणाचा धक्का नाही, आणि गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. लिगामेंट तुटलं. नाशकात ऑपरेशन झालं आणि ती माझ्या खोलीत राहायला आली, कारण माझ्या खोलीतला दुसरा पलंग नुकताच रिकामा झाला होता. आमचे हे त्याच पावसाळ्यात गेले. ती पाय उशीवर ठेवून छताकडे बघायची, मी भिंतीकडे. बोलावंसं दोघींनाही वाटत नसे आणि दुसरीनं खोलीतून उठून जावं असंही वाटत नसे. आम्हा दोघींचे मिळून गुडघे चार. त्यातला एक माझा बदललेला, एक तिचा शिवलेला.

ती बरी झाली, परत गेली, खेळायला लागली आणि यंदा सरावातच तोच गुडघा पुन्हा गेला. रिपोर्ट मी आणि माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बाबानं, नाशिकच्या डॉक्टरांना दाखवले. दुसरं ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. तोवर पट्टा बांधून चालायचं. धावणं नाही, उडी नाही. आणखी एकदा मुरगळला तर आतली गादी फाटेल, "आणि मग पंचविशीतच ही आजींसारखी चालायला लागेल." हे वाक्य त्यांनी माझ्याकडे हात करून म्हटलं. फी घेऊन वर अपमान.

"मी गेलो तर भांडण होईल," माझा मुलगा म्हणाला. "आई, तू तिकडची आहेस. तू जा आणि घेऊन ये तिला. सामना-बिमना काही नाही. गुडघा आहे तसा आण."

मी तिकडची हे खरं. जन्म जिंतूरचा, कॉलेज परभणीत, आणि त्या कॉलेजात मीही बास्केटबॉल खेळत असे. लग्न होऊन नाशकात गेले, त्यानंतर परभणी म्हणजे फक्त आईवडील असेपर्यंतचं तिकीट. ते गेले, भाऊ हैदराबादला स्थायिक झाला, आणि मला परभणीला जायचं कारणच उरलं नाही. आता एक सुजलेलं कारण मिळालं.

परभणी

स्टेशनवर गर्दीत आम्ही एकमेकींना चालीवरून ओळखलं. दोघीही डावीकडे झुकून चालत होतो.

"आजी, मी येणार नाहीये लगेच," हे तिचं पहिलं वाक्य. "गंगाखेडचा सामना होऊ दे. खेळणार नाहीये. नुसती बरोबर जाणार आहे."

"खेळणार नाहीस तर जाऊन काय करणार?"

"बसणार."

एवढ्या साध्या मागणीला नाही कसं म्हणायचं? मुलाला फोन करून मी सांगितलं की तिकिटं मिळत नाहीयेत. त्यानं विश्वास ठेवला. माझ्यावरच गेलाय, भोळा आहे.

हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत एका बाईंनी वरची खोली दिली. ऑक्टोबरचं ऊन असं, की नाशिकचं ऊन इथं सावली म्हणून खपेल. सकाळी खाली मिरच्यांचा ठसका उठायचा आणि त्या बाई ताटलीत सुशीला आणून द्यायच्या. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा नाश्ता नाशकात कुणाला ठाऊक नाही; तिकडं मिसळीच्या तर्रीत माणसं एवढी बुडालेली असतात की मुरमुऱ्याकडे कोण बघतो. लहानपणी मी सुशीला बघून नाक मुरडायची. आता दुसऱ्यांदा मागून घेतली.

संध्याकाळी मैदानावर गेलो. सिमेंटचं मैदान, भेगांतून गवत आलेलं. शाल्मली कडेच्या पायरीवर बसली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि गुडघा दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा असा व्यायाम करत राहिली. समोर बाकीच्या पाचजणी पळत होत्या. त्यांचा बॉल अधूनमधून सुटून तिच्याकडे यायचा, ती तो परत फेकायची, आणि ज्या मुलीनं तो झेलला ती "थँक्यू" म्हणायची. ते थँक्यू मला खटकलं. संघातल्या मुली एकमेकींना थँक्यू म्हणत नाहीत, शिव्या देतात.

सराव संपला की त्या घोळक्यानं चहाला जायच्या. शाल्मली बर्फगोळेवाल्याकडे जायची. तो न विचारता ओढणीच्या तुकड्यात बर्फ बांधून द्यायचा. ती भिंतीला टेकून तो गुडघ्यावर धरायची, आणि फोनवर संघाच्या ग्रुपमध्ये 'उद्या पाचला' असा मेसेज आला की वाचून बाजूला ठेवायची. उद्या पाचला तीही तिथंच असणार होती. पण तो निरोप तिला नव्हता.

"जा की त्यांच्याबरोबर चहाला," मी म्हटलं.

"त्या सामन्याबद्दल बोलतात, आजी. मी आले की हवापाण्याबद्दल बोलायला लागतात."

जिंतूर

गंगाखेडच्या आधी जिंतूरला सरावाचा सामना होता. आमचा संघ, (बघा, बसमध्ये चढल्याबरोबर मी 'आमचा' म्हणायला लागले), यंदा एकही सामना जिंकलेला नव्हता. कारणं बसमध्येच कळली. कप्तान मुक्ता राणीसावरगावची, धनगराच्या घरातली, काटक आणि अचूक. एकटीच खरी खेळाडू. पूजा मूळची खो-खोची. बॉल हातात आला की तो आपटत न्यायचा असतो हे विसरून ती बॉल छातीशी धरून सरळ पळत सुटते. ताडकळसच्या दोघी चुलतबहिणी फक्त एकमेकींनाच बॉल देतात. त्यांचं घरचं भांडण झालं असलं तर एकमेकींनाही देत नाहीत. पाचवी वैष्णवी शांत, बरी खेळते. सहावी शाल्मली, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला.

सामना हरलो. किती फरकानं ते विचारू नका. संघाच्या सरांनीही मध्येच गुणांच्या फळ्याकडे बघणं सोडलं होतं.

तेवढ्या वेळात मी गाव बघून आले. आमचं घर होतं तिथं मोबाइलचं दुकान आहे. शेजारी चहाची टपरी होती, तिथं बसले. टपरीवाले माझ्याच वयाचे.

"कुठल्या म्हणायच्या तुमी?"

"मी इथलीच," मी म्हटलं आणि वडिलांचं नाव सांगितलं.

ते कपबशी पुसत आठवत राहिले. मनापासून आठवत होते बिचारे. "न्हाई ध्यानात येऊलालं," म्हणाले. मग मला वाईट वाटू नये म्हणून, "पर नाव ऐकल्यावानी वाटायलंय," असंही म्हणाले. बाजूला कापसाचा ट्रॅक्टर उभा होता, त्यातून कापूस उडून रस्त्यावर पडत होता. मी चहा संपवला. गावात मला ओळखणारं कुणी नाही, म्हणजे माझी टर उडवणारंही कुणी नाही, आणि ते जास्त लागलं.

नाहीतर टर उडवण्यासारखं पुष्कळ होतं. कॉलेजात असताना मी स्वतःला फार मोठी खेळाडू समजत असे. सलवार-कमीज, ओढणी छातीवरून तिरकी बांधलेली, वेण्यांना रिबिनी, आणि उंची संघात सगळ्यात जास्त, म्हणजे पाच फुटांच्या जरा वर. औरंगाबादच्या एका सामन्यात मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे मी विसरले, बॉल घेऊन सुसाट निघाले, कुणी अडवेना, आणि सुंदर बास्केट केली. आमच्याच बास्केटमध्ये. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी थांबून प्रेक्षकांना नमस्कार केला. तो कडकडाट कशासाठी होता हे मला आमच्या कप्ताननं सांगितलं, आणि ज्या शब्दांत सांगितलं ते इथं लिहिता येत नाहीत. एकदा घोटा लचकला तर मी पट्टी महिनाभर बांधून हिंडले, कारण वर्गातली मुलं "काय झालं?" विचारायची. पट्टी कधी उजव्या पायाला असायची, कधी डाव्या.

परतीच्या बसमध्ये हे सगळं मी पोरींना सांगितलं. त्या हसून लोळल्या. शाल्मलीही हसली, पण खिडकीकडे तोंड करून.

राणीसावरगाव

गंगाखेडचा सामना सकाळी होता. मुक्ता म्हणाली, "आदल्या दिशी आमच्याकडंच चला समद्या. तिथून गंगाखेड जवळ पडतं." सर गंगाखेडला उतरले, मी, शाल्मली आणि बाकीच्या पोरी जीपनं पुढं राणीसावरगावला.

मुक्ताचं घर गावाच्या कडेला. काट्यांचं कुंपण, आत मेंढरं आणि शेळ्या, आणि त्या वासात एकदा मुरलं की मग वास येत नाही. तिची आजी दारातच उभी होती, कपाळावर आडवं गोंदण, हातात काठी. तिनं आधी माझ्या चालीकडे बघितलं, मग शाल्मलीच्या.

"दोघी बी लंगड्या?" ती म्हणाली. "बसा, माय."

शेळीच्या दुधाचा चहा हातात आला. मग मला खेळ समजावून सांगायला बसवलं.

"टोपलीत बॉल टाकायचा," मी म्हटलं.

"अन् टोपलीला बूड?"

"बूड नसतं. बॉल खाली पडतो."

"मंग टाकायचा कशाला?" तिनं मुक्ताकडे बघितलं. "हेच्यासाठी शिकायलीस का गं परभणीला?" सगळ्या खिदळल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमी बी खेळत होता म्हनं?"

"हो, कॉलेजात."

"सोडलं कामून?"

"लग्न झालं ना."

"आमचं बी झालं," ती म्हणाली. "आमी मेंढरं सोडली न्हाईत."

मला नाशकात असं कुणी बोलत नाही. तिथं सगळे माझ्या पाया पडतात. मी माझे बूट लग्नाआधी धाकट्या चुलतबहिणीला दिले होते, ती ते घालून कापसात जायची, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. चहा गार होईपर्यंत मी तेवढंच आठवत बसले.

तिन्हीसांजेला जेवण. ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याचं वांग्याचं कालवण, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा फोडून. अंगणात घोंगड्या अंथरल्या आणि पोरींची पंगत बसली. शाल्मलीला मांडी घालता येत नाही, मलाही नाही, म्हणून आम्हा दोघींना बाज टाकून दिली. खाली सगळ्यांचे गुडघे एकमेकींना लागत होते, एकीच्या ताटातला ठेचा दुसरी उचलत होती. आम्ही वर. मुक्ताची आई आम्हाला उभी राहून वाढत होती, पाहुण्यांना वाढतात तसं, जपून. शाल्मली खाली वाकून त्यांच्या बोलण्यात शिरायला बघायची आणि ताट सांभाळत परत सरळ व्हायची. जरा वेळानं तिनं वाकणं सोडलं.

तेवढ्यात मुक्ताचा फोन वाजला. वैष्णवी होती. ती जिंतूरहून परस्पर आपल्या गावी गेली होती आणि सकाळी थेट गंगाखेडला येणार होती.

"ती येत न्हाई. कापूस फुटलाय म्हनं," मुक्तानं फोन ठेवून सांगितलं. "मजूर मिळंना झालेत. बाप म्हनला, शेतीच शिकायलीस ना, मंग चल येचायला."

वैष्णवीच्या वडिलांच्या म्हणण्यात चूक काढणं मला तरी जमलं नाही. पण पंगतीत कुणी घास घेईना. सामना सुरू होताना मैदानावर पाचजणी उभ्या असाव्याच लागतात. नंतर कुणी दुखावली, कुणी बाद झाली, तर चौघी, अगदी तिघीही खेळू शकतात. पण सुरुवातीला पाच नसतील तर सामनाच होत नाही. समोरच्यांना तो बहाल. आणि या सामन्याला विद्यापीठाचा संघ निवडणाऱ्या बाई येणार होत्या. मुक्ताचं हे शेवटचं वर्ष. सामनाच झाला नाही तर त्या बघणार काय? विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर पोलीस भरतीत खेळाडू म्हणून अर्ज करायचा, हे तिनं कधीचं ठरवून ठेवलेलं.

मुक्ता हात धुऊन आली आणि बाजेपाशी उभी राहिली. माझ्यापुढं.

"आजी, शालूला नुसतं उभं राहू द्या. शिट्टी वाजेस्तोवर. मंग ती बाहेर यील, आमी चौघी खेळू."

"मला विचार की," शाल्मली म्हणाली. "पाय माझा आहे."

"तू हो म्हनशील," मुक्ता म्हणाली. "म्हनून आजीला विचारायलेय."

मी शाल्मलीकडे बघितलं. तिचं तोंड मी कित्येक महिने त्या पलंगावर बघितलं होतं, पण असं नाही. कुणीतरी तिच्याशी सामन्याबद्दल बोललं होतं.

मुलाला फोन करावा असं मनात आलं. करायचा नाही हेही त्याच क्षणी ठरलं.

"उभी राहशील," मी म्हटलं. "पळणार नाहीस. बॉल डोक्यावर पडला तरी नाही."

"नाही पळणार."

"कुणी काही म्हटलं तरी?"

"नाही म्हटलं ना, आजी!"

मुक्ताच्या आजीनं खालून विचारलं, "उभं ऱ्हायलं की झालं? असला खेळ तर मी बी खेळीन."

गंगाखेड

मैदान गोदावरीच्या अंगाला होतं. नदी दिसत नव्हती, पण वारा ओला होता. भिंतीवर कॉलेजची पोरं ओळीनं बसलेली. निवडीच्या बाई काळा चष्मा लावून टेबलाशी. सरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले, त्यांच्याच्यानं बसवेना.

शाल्मलीनं पट्टा आवळला आणि मैदानात गेली. समोरच्यांच्या बास्केटजवळ, उजव्या कोपऱ्यात, रेषेच्या आत जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली, बॉल उडाला, खेळ सुरू. पहिल्यांदा बॉल बाहेर गेला तेव्हा सरांनी तिला हात केला, ये. तिनं बघितलं नाही. पुन्हा हात केला. ती दुसरीकडेच बघत होती, आणि माझी नात असल्यानं मला कळलं, की तिला सगळं दिसतंय.

ती आलीच नाही. कोपऱ्यात उभी. खेळ त्या टोकाला गेला, परत आला, ती तिथंच. समोरच्या संघाची एक उंच मुलगी तिच्यावर पहाऱ्याला, तीही बिचारी तिथंच. हळूहळू मला उलगडलं. या बाजूला खरोखर खेळणाऱ्या चौघी, त्या बाजूलाही चौघीच. पाचवीला शाल्मलीनं अडकवून ठेवलं होतं.

समोरच्या सरांनाही ते कळलं. "तिला सोड गं! ती पळत न्हाई!" ते ओरडले. उंच मुलगी निघाली. लगेच मुक्तानं लांबून बॉल शाल्मलीकडे फेकला. तिनं तो जागच्या जागी झेलला, टाचा न उचलता, दोन्ही हातांनी टाकला. गेला आत. "परत जा, परत जा!" समोरचे सर. उंच मुलगी परत.

मध्यंतरात मी तिला दंडाला धरलं. "शिट्टी होईपर्यंत ठरलं होतं."

"उभं राहायचं ठरलं होतं. उभीच आहे ना मी? मी बाहेर आले की ती मुलगी मुक्तावर जाईल, आजी. मग संपलंच."

मी वकील असते तर वाद घातला असता. तिचा गुडघा बघितला. होता तसा होता. दंड सोडला. ती चालत पलीकडच्या कोपऱ्यात गेली.

दुसऱ्या भागात भिंतीवरच्या पोरांना तिचा शोध लागला.

"ओ ताई, हला की! डांब हाय का काय?"

"लाईट लावा रे डांबावर!"

मला चप्पल फेकायची होती. नेम कसा लागतो ते मला माहीत असल्यामुळे ठेवून दिली. आमच्याच सरांना लागली असती. शाल्मली हलली नाही. मैदानात आठजणी पळत होत्या, धापा टाकत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या, नववी हिच्याभोवती येरझाऱ्या घालून घामाघूम झाली होती, आणि ही एकटी कोरडी. घाम नाही, धाप नाही. माझ्या मनात आलं, त्या पलंगावरही ती एवढी एकटी नव्हती. तिथं निदान मी होते.

आणि पूजा त्या दिवशी बॉल आपटत नेत होती! ताडकळसच्या दोघी मुक्तालाही बॉल देत होत्या. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एकाच गुणानं मागे होतो. सरांनी माझ्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की खुर्ची हलत होती.

मुक्तानं बॉल फेकला. तो कुणाच्या तरी बोटाला लागून उडाला आणि शाल्मलीच्या कोपऱ्याकडे गडगडत गेला. उंच मुलगी वळताना घसरून बसली. बॉल मोकळा. तिच्या पुढ्यातून, हळू, रेषेकडे. कुणीही धावून उचलला असता. मी उचलला असता.

"शाले!" मुक्ता ओरडली.

तिचं सगळं अंग पुढं झुकलं. चांगल्या पायाची टाच उचलली गेली. मी उभी राहिले. मग तिनं दोन्ही हातांनी आपल्या शॉर्ट्सच्या कडा मुठीत धरल्या, एखाद्या लहान पोराला मागून धरावं तशा, आणि बॉल जाताना बघत राहिली. घसरलेली मुलगी उठली, बॉल घेतला, पलीकडे फेकला. शेवटची शिट्टी झाली, एका गुणानं हरलो.

भिंतीवरची पोरं हसली, मग एकेक करून खाली उतरली.

निवडीच्या बाईंनी मुक्ताला टेबलाशी बोलावलं, नाव विचारलं, चाचणीला ये म्हणाल्या. मला वाटलं, आता ती धावत येऊन शाल्मलीच्या गळ्यात पडेल. ती आली ती सरळ तिच्यापुढं उभी राहिली. डोळे लाल.

"इथं होता बॉल," तिनं पाय आपटला. "इथं!"

"हो," शाल्मली म्हणाली.

मुक्ता थांबली. आणखी काहीतरी ऐकायचं होतं तिला. मग ती बॅग उचलून गेली. तिला हवं ते मिळालं होतं, आणि सामना हरलो होतो, आणि खेळाडूला दुसरी गोष्टच आधी लागते. हे मला कळत होतं. शाल्मलीला माझ्याहून जास्त कळत होतं. म्हणून तिनं समजावून सांगितलं नाही.

परत

जीपमध्ये पोरी मागे बसल्या. शाल्मलीला पाय लांब करायला हवा म्हणून ती पुढं, माझ्याजवळ. परभणीला उतरताना पूजानं तिची बॅग खाली दिली, ताडकळसच्या दोघींनी हात हलवला. मुक्ता दुसऱ्या बाजूनं उतरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनवर नाशिकच्या गाडीची वाट बघत बसलो. शाल्मली फलाटावरच्या बाकावर, पाय बॅगेवर.

"आजी, तू असतीस तर?"

"मी पळाले असते," मी म्हटलं. "पडले असते. आणि जन्मभर सगळ्यांना सांगत सुटले असते की मी नसते पडले तर जिंकलो असतो."

ती हसली. थोडंच. मग म्हणाली, "ती बोलेल का गं परत माझ्याशी?"

काहीतरी गोड सांगावं असं तोंडाशी आलं होतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्याला अखेर तिकिटं मिळाल्याचा आनंद झाला होता.

"गुडघा?"

"होता तसा आहे."

"बरं झालं. म्हणजे खेळली नाही ना ती?"

शाल्मली माझ्याकडे बघत नव्हती. रुळांपलीकडे कुणीतरी शेळ्या हाकत होतं, तिकडं बघत होती. पण ऐकत होती.

"खेळली की," मी म्हटलं. "शेवटच्या शिट्टीपर्यंत."

तिकडून आरडाओरडा सुरू झाला. मी फोन तसाच पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. पर्समधून त्याचा आवाज येत राहिला. शाल्मलीनं बॅगेवरचा पाय जरा बाजूला घेतला, म्हणजे मलाही माझा ठेवता येईल.